अण्णांच्या वाटेने: हरिहर आणि त्र्यंबकचा रथ

त्रिपुरारी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हरिहर किल्ला चढायचा, रात्री त्र्यंबकला मुक्काम करायचा आणि पौर्णिमेला रथ बघून नाशिकला परतायचं, हा अण्णांचा ठरलेला बेत. वडील जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकलं आणि यंदा मी, धाकटा भाऊ आणि माझी मुलगी असे तिघं तोच बेत घेऊन निघालो.

अण्णा अकाउंटंट होते. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मार्चअखेर आली की रात्री उशिरा घरी येत, आणि जमा-नावेची तेरीज जुळली नसेल तर त्यांना जेवण गोड लागत नसे. सोमवारचा उपास, रोज संध्याकाळी आम्हा भावंडांना घेऊन रामरक्षा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, तीही अनवाणी. आणि मोकळा रविवार मिळाला की कुठला तरी किल्ला. नातेवाईक म्हणायचे, एवढा देवभोळा माणूस कड्यांवर कशाला चढतो? मला त्यात कधी विसंगती दिसली नाही. देवापुढे बसताना जी नीटनेटकी तयारी असे, तीच कड्याखाली उभं राहिल्यावर असे. घाई त्यांना दोन्हीकडे चालत नसे.

पहाटे निघालो. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरी डावीकडे मागे टाकली तेव्हा उजाडत होतं. निरगुडपाड्याला पोचलो तर भातकापणी सुरू होती, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या. तिथून तासाभराची दमवणारी चढण, मग पठार, आणि समोर एकदम त्या पायऱ्या.

हरिहरची उंची साधारण ३,६७६ फूट. आकड्यात फार वाटत नाही, पण कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे किल्ले भराभर इंग्रजांकडे गेले, त्यात हाही होता. कॅप्टन ब्रिग्जने त्याच्या पायऱ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. प्रत्येक पायरीला दोन्ही कडांना हाताने धरायला खोबण्या आहेत. इतकी वर्षं, इतक्या हातांनी धरून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. बोटं आत घातली की थंडगार, किंचित ओलसर दगड लागतो.

अण्णांनी मला इथेच चढायला शिकवलं. मी शाळेत होते. ते माझ्या दोन पायऱ्या खाली थांबले आणि म्हणाले, "दोन हात, दोन पाय. तीन पक्के असले तरच चौथा हलवायचा." मी रडकुंडीला आले होते. "खाली बघू नको" असं सगळे सांगतात, अण्णांनी उलट सांगितलं: "बघ खाली. कुठे उभी आहेस ते माहीत असलं की भीती आटोक्यात राहते." परवा मुलीच्या खाली दोन पायऱ्या मी होते आणि तेच सांगत होते. ती घाबरली नाही असं नाही, पण थांबली, खाली पाहिलं, श्वास घेतला आणि चढली.

महादरवाजातून आत गेलं की कातळ आतून कोरून काढलेली वाट लागते, तिथे वाकूनच चालावं लागतं. मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर तळं, मारुती आणि महादेव. अण्णा इथे कापूर लावत, नारळ फोडत आणि प्रसाद वर आलेल्या प्रत्येकाला देत, ओळख असो वा नसो. आम्हीही दिला. टेकाडावर गेलो तर ब्रह्मगिरी, अंजनेरी, बसगड आणि वैतरणेचं पाणी, सगळं स्वच्छ दिसत होतं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेला १,४६५ किलोमीटर जाते, आणि वैतरणा याच डोंगररांगेतून पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. अण्णा हात लांब करून दोन्ही दिशा दाखवायचे.

त्यांच्या खिशातल्या डायऱ्या आता माझ्याकडे आहेत. प्रत्येक किल्ल्याचा खर्च लिहिलेला: एसटी भाडं, केळी, कापूर, नारळ, चहा. एका पानावर आहे, "निरगुडपाडा, ताक, सुटे नव्हते, मावशींचे ४ रु. देणे." पुढच्या कितीतरी पानांवर ती रक्कम ओढत नेलेली आहे, आणि मग एके ठिकाणी "दिले". त्या चार रुपयांसाठी ते वेगळे गेले असतील असं नाही, पण विसरले मात्र नव्हते. मला त्यांच्या देवपूजेइतकंच हे पान मोलाचं वाटतं.

संध्याकाळी त्र्यंबकला पोचलो. आधी निवृत्तिनाथांच्या समाधीला गेलो, अण्णांचा क्रम तोच होता. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. परंपरा सांगते की विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, सगळे पळाले, पोर निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. ही गोष्ट अण्णा फेरीत हमखास सांगत, आणि वाघापाशी आले की आम्हा पोरांचे हात घट्ट धरत. आई म्हणते, तो हात रस्ता ओलांडतानाही तसाच असायचा.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराजाचा पंचमुखी मुखवटा रथातून कुशावर्त कुंडावर निघाला. गर्दी प्रचंड. वाजंत्री, फुलं, दिवे, आणि वळणावर रथ सांभाळून वळवणारी माणसं. त्या माणसांकडे मी जास्त वेळ बघत राहिले. नजर चाकावर, तोंडाने नामघोष. अण्णा त्यांच्यात सहज खपले असते.

कुशावर्तावर मुलीने जाहीर केलं की श्रावणातली फेरी ती अनवाणी करणार. वीस किलोमीटर आहे, त्यातली बरीचशी वाट चिखलाची आणि खडीची. भाऊ नको म्हणत होता. घरी आल्यावर आईला विचारलं, तर ती म्हणाली, "चपला पिशवीत असू द्या. तुझे अण्णाही ठेवायचे."