फियानोला बर्फाची बादली नको

नेपल्समध्ये समुद्रकाठच्या हॉटेलात पांढरी वाइन मागवली, की बाटलीआधी बर्फाची बादली येते. या बादलीवर माझा भयंकर राग आहे. फियानो दि अवेल्लिनो, म्हणजे अवेल्लिनोच्या डोंगराळ भागात फियानो द्राक्षापासून होणारी पांढरी वाइन, तासभर बर्फात बुडवली तर तिचा वास पार मरतो. मग पेल्यात उरतं नुसतं गार, आंबटसर पाणी, आणि पैसे मात्र पूर्ण बाटलीचे. बादली उचला म्हटलं, तर वेटर अगदी कीव आल्यासारखा बघत राहिला. या वाइनला 10 ते 12 अंश पुरतात. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर राहू द्यावी. वर पेलाही अर्ध्याच्या खालीच भरावा, नाहीतर वास साठायला जागा कुठली?

पॉम्पेई, संग्रहालय, पिझ्झाच्या रांगा हे सगळं झालं; त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला जायचं होतं फियानोच्या मळ्यांच्या गावी, लापिओला. नेपल्सहून अवेल्लिनोपर्यंत बस आहे, पुढे डोंगरात भाड्याची गाडीच बरी. लापिओवरून जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या रोजच्या गाड्या 2010 मध्येच बंद पडल्या. आता तिथे अधूनमधून पर्यटकांची गाडी धावते, तेवढंच.

फियानोचा मणी बारीक, साल जाड, रस कमी. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तोट्याचंच द्राक्ष, त्यामुळे मधल्या काळात ते जवळजवळ संपलं होतं. आत्रिपाल्दा गावच्या मास्त्रोबेरार्दिनो या वाइन करणाऱ्या घराण्यानं ते नेटानं टिकवलं. 2003 मध्ये या वाइनला इटलीतला सर्वात वरचा दर्जा मिळाला. नियमाप्रमाणे बाटलीत किमान 85 टक्के फियानो हवीच. मळे उंचावर असल्यामुळे रात्री गार पडतात, द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकून राहतो. म्हणूनच ही वाइन बाटलीत मुरते. पहिल्या वर्षी नाशपातीचा वास येतो; तीन-चार वर्षांनी भाजलेल्या हेझलनटचा आणि किंचित धुराचा. हॉटेलवाले नवीनच खपवतात, तेव्हा बाटलीवरचं वर्ष बघून घ्या.

शेजारच्या तुफो गावची ग्रेको ही पांढरी वाइन जास्त धारदार असते. तळलेल्या मांदेलीसारख्या छोट्या माशांबरोबर तीच घ्यावी.

फियानोबरोबर म्हशीच्या दुधाचं मोझरेल्ला, पण फ्रिजमधलं गारढोण नको. त्याहून सरस म्हणजे चेतारा गावच्या कोलातुराची स्पॅगेटी. कोलातुरा म्हणजे मिठात मुरवलेल्या अँचोवी या छोट्या माशांतून गळणारा तांबूस अर्क. माणशी 100 ग्रॅम स्पॅगेटी आणि एक मोठा चमचा कोलातुरा. उकळत्या पाण्यात मीठ अजिबात घालायचं नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते आणि ताट खारट होतं. ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, पार्सली आणि कोलातुरा भांड्यात कच्चेच कालवून ठेवायचे. स्पॅगेटी गाळून वाफाळती त्यात टाकायची, वर चमचाभर तिचंच पाणी. कोलातुरा आचेवर चढवला की उग्र वास सुटतो.

टोमॅटोचा दाट सॉस आणि तिखट मिरची मात्र या वाइनसमोर नकोतच. टोमॅटोच्या आंबटपणापुढे ती फिकी पडते आणि तिखटानं दारूचा चटका तेवढा वाढतो. इर्पिनियातला, म्हणजे अवेल्लिनोच्या भागातला, खारवलेला कॉड मासा चालतो, तेलात तळलेल्या सुक्या गोड मिरच्या घातलेला. जाड तुकडे फ्रिजमध्ये, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलत 48 तास भिजले पाहिजेत. घाईत भिजवलेला मासा लगेच ओळखू येतो: कडा बऱ्या, मधोमध खारट.