नर्सिंग परिषदेला निघताना: कापडी पोस्टर आणि दहा मिनिटांची हडल

ए-झिरो आकाराचं पोस्टर ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचं असतं. आडव्या बाजूने गुंडाळलं तरी नळी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि विमानात हाताशी ठेवायची बॅग साधारण ५५ सेंटिमीटर लांबीची. म्हणजे नळी एक तर सामानात टाका, नाहीतर दारात वाद घाला. म्हणून मी कापडावर छापून घेते. घडी करून साडीसारखं बॅगेत बसतं, पोहोचल्यावर इस्त्रीचा हलका हात फिरवला की झालं. एकच खोड: चार कोपऱ्यांनाच पिना लावल्या तर मधे झोळ पडतो. वरच्या कडेला आणखी दोन-तीन पिना हव्यात, आणि त्या आपल्याच न्याव्यात. छापण्याआधी बोर्ड उभा आहे की आडवा ते आयोजकांना विचारायचं. आडवं पोस्टर उभ्या बोर्डाच्या बाहेर आलं की शेजारच्याच्या आलेखावर जातं.

बरोबर नेलेला विषय तसा साधा: शिफ्ट बदलली, हँडओव्हर झाला (म्हणजे जाणाऱ्या पाळीने रुग्णांची माहिती येणाऱ्या पाळीला सोपवली) की फळ्यासमोर उभ्याने दहा मिनिटांची सुरक्षा-हडल, म्हणजे रुग्णांच्या धोक्यांवरची छोटी बैठक. हडल पुष्कळ ठिकाणी होते, त्यात नवं काही नाही. नवं एवढंच की ती इनचार्ज सिस्टर घेत नाही. स्टाफ नर्स पाळीपाळीने घेतात, अगदी नवी रुजू झालेलीसुद्धा, आणि इनचार्ज सगळ्यात शेवटी बोलते. ती आधी बोलली की बाकीच्या माना डोलावतात आणि जे सांगायचं ते मनातच राहतं.

फळ्यावर पाच रकाने: बेड, धोका, उपाय, जबाबदार, वेळ. एक ओळ अशी: ‘बेड १४ – रात्री एकटे उठतात – बेड खालच्या पातळीवर, बेल हाताशी – दुपारची सिस्टर – ४ वाजता’. रुग्णाचं नाव कुठेही नाही. फक्त कठडे वर केले की काम झालं असं लिहायचं नाही. गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. सारख्या नावाचे दोन रुग्ण, इन्सुलिन किंवा हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) शिरेतून चालू असलेलं इन्फ्युजन, बंद पडलेलं सक्शन (कफ ओढून काढणारं यंत्र), कमी पडणारा स्टाफ हे सगळं याच फळ्यावर येतं.

हडल बिघडते कशी, यावर बोलायला परिषदेत फारसं कुणी तयार नसतं, म्हणून पोस्टरचा तिसरा भाग त्यालाच दिला. पहिला बिघाड: ती दुसरा हँडओव्हर होते. प्रत्येक बेडची हकीकत सुरू झाली की वीस मिनिटं जातात आणि सकाळची औषधं लांबतात. उपाय, धोका असलेले रुग्णच घ्यायचे आणि टायमर लावायचा. दुसरा, याहून वाईट: वर गेलेल्या तक्रारीचं उत्तर खाली येत नाही. तीनदा सांगूनही सक्शन दुरुस्त झालं नाही तर चौथ्यांदा कोण सांगेल? म्हणून वॉर्डात न सुटणारी गोष्ट मेट्रनच्या (रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेच्या) राउंडला जाते आणि २४ तासांत उत्तर फळ्यावर लिहिलं जातं, मग ते ‘नाही’ असलं तरी चालेल. रात्रपाळीला हडल सोडून दिली की सगळंच ढासळतं, कारण तिथे माणसं कमी आणि पडण्याचा धोका मात्र तेवढाच.

मुक्कामी आदल्या संध्याकाळी पोहोचावं आणि हॉल पाहून घ्यावा. स्लाइड १६:९ मध्ये आहेत का, शेवटच्या रांगेतून आलेखावरचे आकडे दिसतात का, माइक हातातला की कॉलरचा. देवनागरी फॉन्ट तिथल्या संगणकावर नसला की जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट फाइलमध्येच बसवायचा आणि पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवायची. व्हिडिओ लिंकवर ठेवू नये, फाइलच न्यावी. फळ्याचा फोटो दाखवायचा तर नमुन्याचा फळा लिहून काढलेला. खऱ्या वॉर्डाच्या फोटोत मागच्या केसपेपरवरचं नाव मोठं केल्यावर वाचता येतं.

बोलायला दहा मिनिटं, प्रश्नांना पाच, अशी वाटणी असते. दोन मिनिटं अडचणीला, चार हडल कशी चालते त्याला, तीन आकड्यांना, एक फसलेल्या गोष्टींना. ‘पडण्याचं प्रमाण कमी झालं’ एवढं म्हणून भागत नाही, भागाकार दाखवावा लागतो. समजा वॉर्डात रोज सरासरी २७ रुग्ण, ३० दिवसांचे ८१० रुग्णदिवस, त्यात दोन पडले: २ भागिले ८१०, गुणिले १०००, म्हणजे हजार रुग्णदिवसांमागे सुमारे २.५. आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन खांब उभे करण्यापेक्षा दर आठवड्याचा बिंदू मांडून मध्यकाची (सगळ्या बिंदूंच्या मधल्या किमतीची) रेषा ओढावी. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले तर बदल खरा धरतात. त्याहून कमी असले तर टाळ्यांची घाई नको. सुरुवातीला ‘थोडक्यात टळलं’ अशा नोंदी वाढतात. त्या वाढल्या म्हणून घाबरायचं नाही, लोक बोलू लागलेत. पण हे आपणच आधी सांगावं, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरा प्रश्न ठरलेला: एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) परवानगी आहे का? गुणवत्ता-सुधारणेला पूर्ण मंजुरी लागते की सूट मिळते, ते संस्थेनुसार बदलतं. समितीचं पत्र काम सुरू करण्याआधीचं हवं, गोषवारा पाठवायच्या आठवड्यातलं नको.

खरा कस लागतो तो पोस्टरसमोर. तिथे अनुभवी मेट्रन येतात, आलेखाकडे बघतही नाहीत, थेट विचारतात, ‘तुमची इनचार्ज रजेवर असताना हडल झाली का?’ याचं उत्तर तोंडी देऊ नये. इनचार्ज हजर असलेले दिवस आणि नसलेले दिवस वेगळ्या रंगांत छापलेले असले की बोटाने दाखवता येतं. नसलेल्या दिवसांत हडलचे खाडे जास्त दिसले तर ते तसेच दाखवायचे. नेतृत्व वाटलं गेलंय की अजून एकाच खुर्चीत आहे, हे त्या रंगांतूनच कळतं.

परतीच्या प्रवासात एक काम उरतं. ज्यांनी मागितली त्यांना कोऱ्या फळ्याची फाइल पाठवायची. सोबत एवढं कळवायचं की ‘उपाय’ हा रकाना सगळ्यात रुंद ठेवा आणि मेट्रनच्या उत्तरासाठी खाली वेगळी पट्टी सोडा, नाहीतर उत्तरं कोपऱ्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर येतात आणि पुढच्या पाळीला पुसल्या फळ्याबरोबर जातात.