लेकीच्या डीएआर मेंबरशिपची शोधाशोध (आणि मी कशी अडकले)

माझा नवरा अमेरिकन, व्हर्जिनियातल्या जुन्या घराण्यातला. लेक अठराची झाली तशी सासूबाईंनी टुमणं लावलं की डीएआरची मेंबर हो. डीएआर म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, 1890 पासूनची बायकांची संस्था, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावलेल्या कुणाचे तरी आपण रक्ताचे वंशज आहोत हे कागदोपत्री दाखवलं की प्रवेश. वंश सासऱ्यांकडचा म्हणून सासूबाईंना स्वतःला होता येईना, लेकीला कॉलेजातून फुरसत नाही, मग सगळं आलं माझ्या गळ्यात, जिचा त्या रक्ताशी काडीचा संबंध नाही!

त्यात लेक मध्येच अडून बसली. 1939 मध्ये याच संस्थेने मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला कॉन्स्टिट्यूशन हॉल हे आपलं वॉशिंग्टनमधलं सभागृह गाण्यासाठी नाकारलं होतं, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको एलिनॉर रूझवेल्टने त्यावरून संस्थेचा राजीनामा दिला आणि गाणं शेवटी लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर झालं, हे तिने वाचलेलं. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. पण चॅप्टरमधल्या, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेतल्या, बायकांना तिने तोंडावर विचारलं तर कुणी सारवासारव केली नाही, आता कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन पेट्रियट, म्हणजे त्या युद्धाला हातभार लावलेले लोक, शोधायचं कामही होतं म्हणाल्या, मग ती तयार झाली.

पहिल्या तीन पिढ्यांचे दाखले पटापट मिळाले, जन्म, लग्न, मृत्यू. त्यामागचीही दोन नावं जुळली. घोडं पेंड खात होतं ते 1825 च्या आसपास जन्मलेल्या एका बाईपाशी. ही नक्की कुणाची मुलगी? 1850 च्या आधी इकडच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकी सगळे वयाप्रमाणे नुसते आकडे, म्हणजे बाई घरात असेलही पण कागदावर ती एक रेघ. लग्नानंतर माहेरचं आडनावही गेलं. रागच आला, आणि मग आठवलं की माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव मलाही माहीत नाही, तिचं तर ताटातल्या तांदळात लिहून नावच बदललं होतं. रात्री आईला फोन लावून विचारलं तेव्हा कळलं.

शेवटी सासूबाईंच्या कपाटातून फॅमिली बायबल निघालं, त्यात आईबापांची आणि मुलांच्या जन्माची नोंद, आमची बाई चौथी! मी खुशीत फोटो पाठवला तर चॅप्टरच्या रजिस्ट्रार बाई म्हणाल्या, टायटल पेजचाही पाठवा. म्हटलं कशाला? तर छपाईचं साल बघायला. बायबल जन्मांच्या खूप नंतर छापलेलं असेल तर नोंदी मागाहून आठवून उतरवलेल्या ठरतात. ते पान सुटून मागे अडकलेलं होतं, नशीब.

पूर्वज मात्र सैनिक वगैरे नाही निघाला. त्याने सैन्याला बीफ पुरवलं होतं, त्याची नोंद राज्याच्या कागदांत सापडली, आणि देशसेवा म्हणून ते चालतं. बीफच्या पावतीवरून माझी देशस्थांची नात स्वातंत्र्यसैनिकाची वंशज ठरली असं आईला सांगितलं तर ती फोनवर गप्पच झाली. पुढे अर्ज वॉशिंग्टनला गेला, तिथल्या लोकांनी एकेक कागद तपासला, काही महिन्यांनी मंजुरी आली.

आता लेक चॅप्टरबरोबर डिसेंबरात माजी सैनिकांच्या थडग्यांवर हिरवी रीथ, म्हणजे पानांचं गोल कडं, ठेवायला जाते, प्रत्येक ठिकाणी थांबून दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं असतं. नवीन नागरिकांच्या शपथविधीला छोटे झेंडे वाटायलाही जातात. मी नागरिक झाले तेव्हा मलाही एका म्हाताऱ्या बाईंनी असाच झेंडा हातात दिला होता, कोण कुठल्या ते मी विचारलंच नव्हतं. मेंबरांच्या नवऱ्यांना तिथे गमतीने होडार म्हणतात, हस्बंड ऑफ डीएआर. आईसाठी काही शब्द नाहीये, मी आपली गाडीतून खोकी उतरवते.