दोन मात्रांची गिरकी

रॉक गाणं ऐकताना माणूस नेमकं काय करतो, हे मी हल्ली निरखून पाहतो. मान हलवतो, मूठ उंचावतो, डोळे मिटतो, फारच रंगात आला तर हातात नसलेली गिटार वाजवतो. नाचत मात्र नाही. म्हणजे समोरच्याचा हात धरून, पावलाला पाऊल जुळवून नाचत नाही. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. पोल्का म्हणजे जोडीनं गिरक्या घेत नाचायचा युरोपातला नाच. त्यात हे चालायचं नाही. तिथे तोंड जोडीदाराकडे आणि बँडकडे खुशाल पाठ. त्यामुळे रॉक गाण्याचा पोल्का करणं ही निव्वळ थट्टा आहे असं कोणी म्हटलं, की मी वाद घालायला बसतो. थट्टा थोडी आहेच, नाही कशाला म्हणू? पण गाण्याला स्टेजवरून खाली उतरवून माणसांत आणण्याचा तो एक खटाटोपही आहे, आणि गोव्यात राहणाऱ्याला तो परका वाटू नये.

या धंद्यातला मोठा कारखानदार म्हणजे अमेरिकेतला ‘विअर्ड अल’ यान्कोविक. लोकप्रिय गाण्यांचे शब्द बदलून विडंबनं करणारा म्हणून तो जगाला माहीत आहे. पण 1984 सालच्या त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये एक वेगळी चीज होती: गाजलेल्या रॉक गाण्यांच्या ओळी एकापाठोपाठ एक, सगळ्या पोल्काच्या चालीत, भरधाव. विडंबनात शब्द बदलतात. इथे तो शब्दाला हात लावत नाही. मूळ गायकानं जे दुःख किंवा जो संताप गायला तोच हा गातो, फक्त खाली ॲकॉर्डियन उड्या मारत असतं. त्यानंतर त्याच्या बहुतेक अल्बममध्ये असा एखादा पोल्का असतोच. गंमत म्हणजे आईवडिलांनी त्याला लहानपणी ॲकॉर्डियन शिकायला घातलं त्यामागे आडनावाचाही वाटा होता. फ्रँकी यान्कोविक हा तिकडचा पोल्काचा बादशहा. नातं काही नाही, नुसता आडनावबंधू. 1986 साली पोल्कासाठी पहिलं ग्रॅमी मिळालं ते या फ्रँकीला. पुढे 2009 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी पोल्काचा विभागच बंद करून टाकला. प्रतिष्ठेच्या पंगतीत पोल्काचं पान नेहमी दाराजवळच.

आता करायचं काय असतं ते सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. रॉकच्या चार मात्रांत ड्रमचा ठोसा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. पोल्का दोन मात्रांचा. मात्रेवर खर्जाचा स्वर, दोन मात्रांच्या मधल्या फटीत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले दोन-तीन स्वर: उम्-पा, उम्-पा. खर्जही एकच नव्हे, एकदा षड्ज, एकदा पंचम, आलटून पालटून. आपल्या कानाला सगळ्यात जवळचा म्हणजे उडता केरवा. ड्रमचा तो ठोसा काढून घेतला, की रॉकचा निम्मा राग तिथेच उतरतो. अगदी हातोहात.

उरलेला राग गिटारच्या घरघरीत लपलेला असतो. ती ज्या कॉर्डवर चालते तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. तिच्यात बहुतेक फक्त षड्ज आणि पंचम. गंधार नाहीच! शुद्ध गंधार असता तर गाणं उजळलं असतं, कोमल असता तर झाकोळलं असतं. गंधारच नसल्यामुळे गाणं नुसतं गुरगुरत राहतं, कोणत्याच बाजूला कौल देत नाही. ॲकॉर्डियनच्या डाव्या हाताला मात्र कॉर्डची तयार बटणं असतात. एक रांग मेजरची, एक मायनरची. बोट ठेवलं की गंधार वाजलाच, शुद्ध तरी नाहीतर कोमल तरी. वीस-पंचवीस वर्षं मोघम बोलून निभावलेल्या गाण्याला एकदम जबानी द्यावी लागते. कित्येक भीषण गाणी या जबानीत साधी, सरळ, सुरेल निघतात. काही अगदीच पोकळ निघतात, त्यांची नावं घेत नाही. चाहते फार हळवे असतात.

आणखी एक निरीक्षण. संथ, आळवून गायलेली गाणी पोल्कात छान बसतात. लांबवलेला स्वर वर तसाच धरायचा, खाली उम्-पा चालू. नडतात ती रिफवर, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरांच्या छोट्या तुकड्यावर, उभी असलेली गाणी. रिफ हा स्वतःच एक ठेका असतो, आणि एका घरात दोन ठेके नांदत नाहीत.

याचा प्रत्यय चवथीला आला. डिचोलीला आमच्या घरी घुमट आरती असते. घुमट म्हणजे मातीचा घट, दोन्हीकडून उघडा, मोठ्या तोंडाला कातडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करत आवाजाला गोलाई देतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्यानं ते बंद आहे, शेळीचं वापरतात. 2019 साली सरकारनं त्याला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. जोडीला शामेळ हा छोटा ढोल आणि कासाळें म्हणजे झांजा. आरत्या मराठीच, महाराष्ट्रात म्हणतात त्याच बऱ्याचशा. पण पुण्याचा पाहुणा आमच्याकडे पहिल्यांदा येतो तेव्हा दुसऱ्या कडव्याला टाळी चुकतो. शब्द त्याला पाठ असतात, पण खालून घुमट त्याला कुठल्या कुठे घेऊन जातं!

तर आरत्या आटोपल्यावर भाचा पेटीवर बसला. फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो आणि खोलीत इलेक्ट्रिक गिटार बडवतो. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची 1972 सालची ती जगप्रसिद्ध रिफ त्यानं पेटीवर काढली. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला तळ्याकाठचा कॅसिनो जळाला, त्या आगीवरचं ते गाणं. यान्कोविकनंही 1984 च्या पोल्कात ते घेतलं होतं. सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, तीव्र म, म. शेजारचे पेटीवाले काका कान देऊन ऐकत होते. म्हणाले, “धानी राग चाललाय बाळा, पण मधेच हा तीव्र मध्यम कुणी घुसवला?”

“काका, इंग्रजांनी.”

“मग असू दे. घुमट धरा रे.”

रिफवर घुमट धरलं आणि दोघांची जुंपली. पेटी एकीकडे, घुमट दुसरीकडे, मधे कासाळें हवालदिल. मग भाच्यानं रिफ सोडून दिली आणि गाण्याची ओळ घेतली, दुप्पट लयीत. तेव्हा मात्र बसलं. मघापासून फुगडीला टेकलेल्या मुली पुन्हा उठल्या, हात धरले आणि सुरू झाल्या. दोघींनी हात धरून घेतलेली गिरकी. पोल्का तरी याहून वेगळा काय असतो? मामी मात्र रागावल्या. “देवासमोर हे काय रे?” त्यांना उत्तरही काकांनीच दिलं. “वहिनी, अभंगाला सिनेमाची चाल लावतो तेव्हा तुम्ही टाळ्या देता. चालीला कसलं सोवळं?”

गोव्यात हे सगळीकडेच दिसतं. ख्रिस्ती लग्नांत मांडो हे कोंकणी नाचगाणं आपल्या संथ, भारावलेल्या गतीनं येतं, विरह वगैरे सांगून होतं, की त्याच दमात जलद लयीचं दुलपद सुरू होतं आणि म्हातारेकोतारेही खुर्च्या सोडतात. मांडोतही घुमट असतं. आमच्या आरतीतलं आणि त्यांच्या मांडोतलं घुमट एकाच कुंभाराकडचं असू शकतं. लग्नाच्या बँडवाल्यांना तर कुठलंही गाणं द्या, ते त्याला हॉलभर फिरवून आणतात. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फाचं, म्हणजे पाश्चात्त्य सरगमीचं, शिक्षण मिळायचं. तिथून निघालेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले मुंबईच्या नाचघरांत आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत जाऊन बसले. एका तालातलं दुसऱ्या तालात बसवणं हे त्यांचं पोट होतं. त्याला कोणी थट्टा म्हटलं नाही.

तिकडे फिनलंडमध्ये 1993 पासून एलाकेलाइसेत नावाचा बँड हेच करतो, पोल्काचाच चुलतभाऊ शोभेल अशा हुम्पा नावाच्या नाचात. रॉक, मेटल, काही सोडत नाहीत. पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट क्वीन या इंग्लिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची आहे. 1975 सालचं, जवळपास सहा मिनिटांचं, ऑपेरा पोटात घेऊन चालणारं गाणं. यान्कोविकनं 1993 मध्ये त्याचा सबंध पोल्का केला, शब्द तेच, आणि चार मिनिटांच्या आत संपवला. पोल्काचा जन्म 1830 च्या दशकातल्या बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. तेव्हा ही एका परीनं मूळ गावाला भेटच झाली. आणि ज्यानं ते लिहिलं, गायलं, तो फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे जन्मनावानं फारुख बलसारा, झांझिबारहून येऊन शिकला कुठे, तर आपल्या पाचगणीत! शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. एवढी भटकंती केलेल्या गाण्यानं पोल्काच्या गल्लीत पाऊल टाकलं तर सोवळं मोडतं कुणाचं?

भाच्याचा आता ॲकॉर्डियन घेण्याचा हट्ट आहे. वडील म्हणतात, आधी गिटारचे हप्ते फिटू देत. तोवर पेटीवर क्वीन बसवायची, असं त्यानं काकांकडून कबूल करून घेतलंय. काकांनी मोबाइलवर मूळ गाणं पूर्ण ऐकलं, न बोलता, ऑपेरासकट. मग घड्याळ बघून म्हणाले, “वाजवू. पण तो अमेरिकेवाला वाजवतो तेवढ्या वेळात. आरतीला खालचा वाडा अजून बाकी असतो.”