फोरेंचा तीव्र मध्यम

आज सगळी दुपार पियानोवर गेली. फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्या फ्रेंच गाण्यांची पीटर्स या प्रकाशनाने काढलेली चिकित्सक आवृत्ती उघडून बसले होते. पहिला खंड, १८६१ ते १८८२ मधली गाणी. सुरुवातीचं गाणं रचलं तेव्हा फोरे जेमतेम १६ वर्षांचे, अजून शाळेत. शब्द व्हिक्टर ह्यूगोंचे!

संपादक रॉय हॉवट आणि एमिली किलपॅट्रिक. हस्तलिखितं आणि जुन्या छापील प्रती शेजारी ठेवून त्यांनी एकेक स्वर पडताळलाय. पाठभेदांच्या त्या टिपा मी अगदी चवीने वाचते. किती माया लागते असल्या कामाला!

आणि मग ‘लिडिया’. लकाँत द लील यांची कविता. गळा सा, रे, ग असा सरळ चढतो आणि पुढे लागतो तो तीव्र मध्यम, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित चढा ‘म’. मध्यमापुढची ती चिमुकली खूण मी कितीतरी वेळ बघत राहिले. हा लिडियन मोड, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच स्वर. नायिकेचं नाव लिडिया, सूरही लिडियन!

संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर तेवढेच चार स्वर वाजवून दाखवले. ती कल्याण थाटातला यमन राग शिकलेली. क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “थांबलीस का? पुढे वाजव ना.”