माझ्या एक्सेल शीटमधला चौथा रकाना

परवा रात्री एका मुलाचा मेसेज आला. ‘दादा, तिकडे आपल्यासारख्यांसाठी कुठलं कॉलेज चांगलं?’ मी उघडेपर्यंत त्याने तो डिलीट केला होता, नोटिफिकेशनमध्ये तेवढी ओळ राहिली. त्याच्यासाठी हे लिहितोय.

मी गे आहे. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाचा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगितलं, तेव्हा मी सांगलीत अकरावीत होतो. टीव्हीवर बातमी लागली आणि बाबांनी चॅनल बदललं. पुढे एमएससाठी अमेरिकेतली कॉलेजं निवडताना फी, रँकिंग आणि नोकरी या रकान्यांशेजारी मी चौथा रकाना ठेवला, नाव न देता.

सुरुवात ‘कॅम्पस प्राइड इंडेक्स’पासून केली. आपल्यासारख्यांसाठी कॉलेज किती चांगलं आहे यावर त्यात अमेरिकेतल्या कॉलेजांना पाचपैकी तारे मिळतात. उपयोग होतो, पण माहिती कॉलेजच भरून देतं, तेव्हा ताऱ्यांवर विसंबू नका. टेक्सासमधलं एक सरकारी विद्यापीठ मी जवळजवळ नक्की केलं होतं. तिथल्या एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांच्या मदत केंद्राला पाठवलेला मेल परत आला. सरकारी विद्यापीठांतल्या विविधता कार्यालयांवर बंदी घालणारा तिथल्या राज्याचा एसबी १७ हा कायदा १ जानेवारी २०२४पासून लागू झाला आणि सरकारी विद्यापीठांतली अशी केंद्रं बंद पडली. जुनी पानं इंटरनेटवर तशीच हसऱ्या फोटोंसकट राहतात. म्हणून मेल टाका, फोन करा, पलीकडून माणूस बोलतो का बघा.

मी शेवटी ॲन आर्बरला आलो. मिशिगन विद्यापीठाचं असंच केंद्र, स्पेक्ट्रम सेंटर, १९७१पासून आहे. माझा पहिला प्रश्न होता, ‘घरी कळेल का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येकाचा असतो आणि तो विचारायला लाजू नका. अमेरिकेत १९७४पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. त्यामुळे कॉलेजमधल्या नोंदी सहसा विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय आईवडिलांनाही देत नाहीत.

कायदा आपल्या माणसांना मात्र लागू होत नाही, आणि मला धास्ती होती ती त्यांचीच. रूममेट शोधायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे विचारतात: व्हेज की नॉनव्हेज, सिगारेट चालते का, स्वयंपाक येतो का. माझी गोष्ट त्यात कुठे बसवू? नाशिकच्या एका मुलाला फोन लावला आणि दहा मिनिटं नुसतं भाडं आणि थंडी यावरच बोललो. मग एका दमात सांगून टाकलं.

तो जरा गप्प राहिला. ‘घरी माहितेय?’

‘नाही.’

‘बरं. मग माझ्या आईचा व्हिडिओ कॉल असला की तुला आधी सांगत जाईन.’

वर्ष उलटून गेलं. अजूनही रविवारी सकाळी फोन हातात घेऊन तो आधी माझ्या दारावर टकटक करतो.