चोक ओढला की चटका

"चोक ओढला की चटका बसतो, मिस्त्री." साहेबांनी हे सांगितलं तेव्हा आमचा पोऱ्या तोंड फिरवून हसला. साहेबांनी अंगठा पुढे केला. त्यावर खरंच भाजल्याचा डाग होता. आता चोक म्हणजे थंड इंजिन चालू करताना ओढायची दांडी, तिला काही विजेची वायर नसते. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत गेलेली ती साधी लोखंडी केबल. ती गरम होते म्हणजे तिच्यातून करंट चाललाय, दुसरा अर्थच निघत नाही. बॉनेट उघडायच्या आधीच निम्मं निदान झालं होतं. उरलेल्या निम्म्याला मात्र अख्खी दुपार गेली.

गाडी पद्मिनी, ऐंशीच्या दशकातली, नंबर लावून मिळालेली. सोलापुरात या गाडीबद्दल जरा जास्तच माया. ती बनवणारी कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी आणि ते मूळचे इथलेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटली, तेव्हा ज्यांच्या दारात अशी गाडी गंजत पडली होती त्यांना ती एकदम आठवली. साहेबांनाही तेव्हाच उमाळा आला. पूर्ण डेंटिंग-पेंटिंग, नवा पत्रा, खालून काळं अंडरकोटिंग. रंगाचं काम सुरेख झालं होतं, त्यात शंका नाही.

पण रंगवून आल्यापासून गाडी सेल्फ घेईना. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. चावी फिरवली की टक् आवाज, मग सेल्फ रडत-रखडत फिरणार. नवी बॅटरी टाकून झाली. सेल्फ खोलून ब्रश, बुश बदलून झाले. दिवे लख्ख लागत, हॉर्न खणखणीत वाजे, म्हणून बॅटरीवाला सेल्फकडे बोट दाखवायचा. सेल्फवाला तो बाकावर फिरवून दाखवायचा, "बघा की, कसा पळतोय!" दोघंही खरंच बोलत होते.

मी पोऱ्याला सेल्फ मारायला लावला आणि चोकच्या केबलवर हात धरला. केबल क्षणात तापली. लगेच थांबवलं. त्या केबलचं दुसरं टोक कार्बोरेटरला असतं, तिथे पेट्रोल असतं, आणि सेल्फच्या जाड वायरीत फ्यूज नसतो. काही बिघडलं तर वितळायला मधे काहीच नाही. वाळूची बादली जवळ ओढून घेतली आणि आधी ती केबल कार्बोरेटरकडून सोडवून कापडात गुंडाळली. आता सेल्फ जवळजवळ मेलाच. म्हणजे इतके दिवस तो चोकच्या केबलच्याच जिवावर फिरत होता!

हे नीट सांगायला हवं. बॅटरीची निगेटिव्ह केबल या गाडीत बॉडीला जोडलेली. इंजिन मात्र बॉडीला टेकत नाही, ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. सेल्फमध्ये गेलेला करंट इंजिनाच्या अंगात उतरतो आणि तिथून बॉडीवर यायला त्याला एकच राजमार्ग ठेवलेला असतो, तांब्याच्या विणीची अर्थपट्टी. अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. ती नीट नसली तर करंट वाट शोधतो, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जे जे लोखंड जातं त्यातून निघतो. चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल. साहेबांच्या गाडीत सेल्फ मारताना स्पीडचा काटा थरथरायचा, तेही त्यांनी कुणाला सांगितलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

पण पट्टी तर जागेवर होती. नवी कोरी, नट घट्ट. आधीच्या कारागिराने मीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला ठेवून ती तपासलीही होती आणि मीटरने शून्याच्या आसपास दाखवलं होतं. इथेच माणसं फसतात. ओहम मोजताना मीटर चिमूटभर करंट सोडतो, त्याला बोल्टच्या एखाद्या आट्याचा स्पर्शही पुरतो. सेल्फला शंभराच्या घरात अँपिअर लागतात. तेवढा लोंढा त्या आट्यातून जात नाही. अर्थ तपासायची तर लोड चालू असताना, म्हणजे सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजायचे, बाकी सगळं मनाचं समाधान.

तसंच केलं. केबल पुन्हा जोडली, पण फक्त तेवढ्या मोजणीपुरती, आणि सेल्फही एकेक क्षणच मारायचा असं पोऱ्याला बजावलं. बॅटरीवर एरवी १२.६ व्होल्ट, सेल्फ फिरताना ११.४. उत्तम बॅटरी. सेल्फच्या बॉडीपासून त्याच्या टर्मिनलपर्यंत मात्र ७.१ च. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ गळत होते, ते चालतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावली. ४ व्होल्ट. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवे. ८० अँपिअर धरले तरी ३२० वॅटची उष्णता तयार होत होती, आणि त्यातली बरीचशी त्या बारीक केबलमध्ये. माझी वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे.

जंपर केबल घेतली, एक चिमटा ब्लॉकला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी फिरवली आणि गाडी एका दमात चालू. साहेब म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, कळलं फक्त. झालं नाही.

गाडीखाली झोपून पट्टीचं बॉडीकडचं टोक सोडलं. खाली जाड अंडरकोटिंग, त्याखाली रंग, त्याखाली प्रायमर. पेंटरने सगळी गाडी मनापासून रंगवली होती, अर्थच्या जागेसह, आणि नंतर कुणीतरी पट्टी त्यावरच आवळली होती. रंगाला नावं ठेवायची तर ठेवा, पण गंजू नये म्हणून माणूस पत्रा झाकणारच. अर्थच्या जागी चिकटपट्टी लावून द्यायचं काम गाडी रंगायला पाठवणाऱ्याचं. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, पट्टी आवळली, मग वरून व्हॅसलीन. आधी नाही, वरून. पुन्हा मोजलं तर ०.२.

यातून आणखी एक कोडं सुटलं. नवी बॅटरीसुद्धा सारखी उतरायची. मागाहून बसवलेला आल्टरनेटर इंजिनालाच आवळलेला असतो. त्याच्या चार्जिंगचा करंटही त्याच पट्टीतून फिरतो. वाट अडलेली असल्यावर बॅटरी पुरती भरणार कुठून? साहेबांनी दुसऱ्या बॅटरीचे पैसे उगाच घातले होते.

मग रंगामागे लागून उरलेली गाडी धुंडाळली, आणि इथे मजा आली. डावा हेडलाइट पिवळट होता, बल्ब मात्र बरा. दिव्याच्या वाटीचा अर्थस्क्रू रंगावर. मागे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळायचा. त्याचं असं की मागच्या होल्डरला अर्थ नसला की ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि पलीकडून बाहेर पडायला बघतो. आधीच्या कुणीतरी "स्विच गेलाय" म्हणून ब्रेकचा स्विच बदलला होता. तोही स्विच चांगलाच असणार. सगळे स्क्रू सोडले, घासले, आवळले. चोकची केबल मात्र नवी टाकली, जुनीचं आवरण आतून जळून अडकायला लागलं होतं.

राहता राहिला पेट्रोलचा काटा. तो मनाला येईल तिथे थांबायचा. टाकीच्या सेंडरलाही, म्हणजे आतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणाऱ्या भागालाही अर्थ लागतो आणि टाकीही रंगवूनच बसवलेली. कारण तेच असणार. पण तिथे पोचायला पेट्रोल काढून टाकी उतरवावी लागली असती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या ते मिस्त्री," म्हणाले, "चाळीस वर्षं मी किलोमीटर बघूनच पेट्रोल टाकतोय, तो काटा नवा होता तेव्हाही खोटंच बोलायचा." आणि चोक न ओढताच गाडी चालू करून निघून गेले.